स्वव्यवस्थापी संगणक प्रणाली

स्वव्यवस्थापी संगणक प्रणाली : स्वतःची जुळणी, देखभाल, दुरुस्ती आणि संरक्षण माणसाने दर वेळी हात न लावता पार पाडणारी संगणक प्रणाली. काय साधायचे हे माणूस ठरवतो. कसे साधायचे हे प्रणाली त्या वेळची परिस्थिती पाहून ठरवते. मराठीत तिला ‘स्वायत्त’, ‘स्वयंनियंत्रित’, ‘स्वयंचलित’ अशी निरनिराळी नावे दिली जातात. पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या संगणक कार्यालयांत मात्र ‘सेल्फ-हीलिंग’ (स्वतःची दुरुस्ती) आणि ‘ऑटो-स्केलिंग’ (भारानुसार क्षमता कमीजास्त करणे) हेच शब्द रुळले आहेत.

नावाचा हा घोळ इंग्रजीतून आला. हृदयाचे ठोके, पचन अशा इच्छेबाहेरच्या क्रिया सांभाळणाऱ्या चेतासंस्थेला केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन लँग्ली यांनी १८९८ मध्ये ‘ऑटोनॉमिक’ म्हटले. आयबीएमचे संशोधनप्रमुख पॉल हॉर्न यांनी २००१ मध्ये तोच शब्द संगणकासाठी उचलला. जिना चढताना श्वास वाढवण्याचा हुकूम कोणी द्यावा लागत नाही. सर्व्हरवरचा भार वाढला तर तसेच व्हावे, अशी त्यामागची कल्पना. इंग्रजीत ‘ऑटोनॉमिक’ आणि ‘ऑटोनॉमस’ वेगळे राहतात, मराठीत दोन्हींचे ‘स्वायत्त’ होते आणि वाचकाला आधी स्वायत्त महाविद्यालय आठवते.

‘स्वयंचलित’ही अपुरा आहे, आणि त्याचा दाखला पुण्याजवळच सापडतो. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९०३ च्या सुमारास पेटंट घेतलेले स्वयंचलित पूरदरवाजे प्रथम खडकवासला तलावावर बसवले गेले. पाणी नेमलेल्या पातळीवर चढले की ते उघडत, उतरले की मिटत. पण पातळी नेमणारा अभियंता होता, आणि दरवाजाच गंजला तर ते ओळखून दुरुस्तीला लागण्याची सोय त्या यंत्रणेत नव्हती. गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक याच जातीचा. स्वव्यवस्थापी प्रणालीकडून स्वतःच्या बिघाडाची दखल अपेक्षित असते, म्हणून या नोंदीत तोच शब्द स्वीकारला आहे.

आरंभाविषयी एकमत नाही. हॉर्न यांचे २००१ चे आवाहन, आणि आयबीएमचेच जेफ्री केफर्ट व डेव्हिड चेस यांचा २००३ चा लेख (यात स्वजुळणी, स्वसुधारणा, स्वदुरुस्ती व स्वसंरक्षण ही चार लक्षणे आहेत) हाच आरंभ, असे बरेच जण धरतात. दुसरा पक्ष मागे जातो. अल्गिर्दास अविझिएनिस यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत ‘स्टार’ हा प्रायोगिक संगणक विकसित केला. लांबच्या अंतराळ मोहिमांत दुरुस्तीला माणूस नसतो, त्यामुळे तो नादुरुस्त भाग ओळखून त्याच्या जागी राखीव भाग चालू करी. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा यांनी १९७४ मध्ये याची गणिती बाजू मांडली : कोणत्याही बिघडलेल्या अवस्थेतून मर्यादित पायऱ्यांत सुस्थितीत परतणारी प्रणाली. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ रॉस ॲशबी यांच्या १९४८ च्या, ढळलेला तोल आपणच पुन्हा साधणाऱ्या ‘होमिओस्टॅट’ यंत्रापर्यंतही काही जण पोचतात. नाव २००१ चे आणि कल्पना ‘स्टार’ची, हे मत अधिक पटणारे आहे, ॲशबींना घ्यायचे तर खडकवासल्याचे दरवाजेही वंशावळीत घ्यावे लागतील.

कार्यपद्धती चक्राकार असते : निरीक्षण, विश्लेषण, नियोजन, अंमलबजावणी, आणि या चौघांना पुरणारा सामाईक ज्ञानसाठा. गूगलने २०१४ मध्ये खुली केलेली ‘कुबरनेटिस’ ही आज सर्वपरिचित प्रणाली; अनेक संगणकांवर सेवांच्या प्रती चालू ठेवणे हे तिचे काम. (ग्रीक भाषेत नावाचा अर्थ सुकाणू धरणारा, आपला ‘कर्णधार’ मुळात तोच, क्रिकेटने तो पळवला.) तिला ‘या सेवेच्या तीन प्रती चालू हव्यात’ एवढेच सांगायचे. एक प्रत पडली की मोजणीत दोन येतात, हवे तीन, म्हणून नवी उभी राहते. तीच प्रत पुन्हापुन्हा पडत असेल तर प्रणाली सबुरीने घेते : मूळ मांडणीत १० सेकंद, मग २०, मग ४०, असे दुप्पट होत अखेर ५ मिनिटांवर थांबते. प्रत का पडते, हे मात्र तिला ठाऊक नसते.

पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तेथे ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. अनेक प्रक्रियक (प्रोसेसर) एकत्र राबवणाऱ्या अशा यंत्रांत एखादा भाग बंद पडणे नेहमीचेच, म्हणून चालू कामाची स्थिती ठरावीक अंतराने साठवून तेथून पुढे सुरू करण्याचे तंत्र वापरतात. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने (टीसीएस) २०१५ मध्ये ‘इग्निओ’ हे स्वयंदुरुस्तीकडे झुकणारे उत्पादन बाजारात आणले.

रात्रपाळीचे काम यामुळे पालटले. डिस्क भरल्याचा अलर्ट आला की पूर्वी कोणीतरी जुन्या लॉग फाइली (प्रणालीच्या नोंदी) उडवी. आता स्क्रिप्ट (आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञा) त्या उडवते आणि टिकिट, म्हणजे बिघाडाची नोंद, आपोआप बंद होते. फोन वाजतो तो स्क्रिप्टला न जमलेल्या कामासाठी, आणि तोवर हाताची सवय सुटलेली असते. मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी हा पेच १९८३ मध्येच दाखवला होता. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकमध्ये देखभालीच्या एका आज्ञेने डेटा सेंटरांना जोडणारे जाळे तुटले. त्यांच्याशी संपर्क होईना म्हणून फेसबुकच्या नाव-सर्व्हरांनी (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या संगणकांनी) स्वतःलाच नादुरुस्त ठरवले आणि नेमून दिल्याप्रमाणे इंटरनेटवरून आपला पत्ता काढून घेतला. सेवा सुमारे सहा तास बंद राहिली; अभियंत्यांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष पाठवावे लागले.