कोकणातील घरांचे बाह्य बांधकाम साहित्य

कोकणातील घरांचे बाह्य बांधकाम साहित्य : अरबी समुद्र आणि सह्याद्री यांच्यामधील पट्टीत घराच्या भिंती, गिलावा, छप्पर, दारे-खिडक्या आणि या सर्वांना जोडणारे धातूचे भाग यांसाठी वापरले जाणारे, पाऊस व खारी हवा सोसणारे साहित्य. या पट्टीत वर्षाला साधारणपणे २,५०० ते ३,५०० मिमी. पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. हा पाऊस सरळ पडत नाही. नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. या झडीमुळे घराच्या पश्चिम व दक्षिण बाजूच्या भिंती कित्येक दिवस सलग भिजत राहतात आणि पूर्वेची भिंत त्या मानाने कोरडी राहते. पाऊस थांबल्यावर समुद्रवाऱ्यातील मिठाचे सूक्ष्म कण पृष्ठभागावर साचू लागतात. मीठ हवेतील ओलावा ओढून घेत असल्याने उन्हाळ्यातही त्याखालचे लोखंड पुरते कोरडे होत नाही. म्हणून या हवेत साहित्य किती कठीण आहे यापेक्षा त्यात शिरलेले पाणी किती लवकर बाहेर पडते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. कोकणातील जुन्या घरांची रचना याच प्रश्नाभोवती उभी राहिलेली दिसते.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा येथे भिंतींचा मुख्य दगड जांभा हा आहे. उत्तरेकडे रायगडपासून पुढे काळ्या बेसाल्टचे प्रमाण वाढते. दीर्घकाळच्या उष्ण व दमट हवेत मूळ खडकातील सिलिका आणि इतर विद्राव्य घटक धुऊन जातात, मागे लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे उरतात आणि त्यांपासून जांभा तयार होतो. स्कॉटिश वैद्य व सर्वेक्षक फ्रान्सिस ब्यूकॅनन याने केरळातील अंगाडिपुरम येथे पाहिलेल्या या दगडाला १८०७ मध्ये ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. ‘वीट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ते घेतलेले आहे. हे नाव सार्थ आहे, कारण खाणीत ओला असताना हा दगड विटेसारखा हव्या त्या मापात कापता येतो आणि हवा लागल्यावर कठीण होत जातो. सड्यावरील (खडकाळ पठारावरील) खाणीतून काढलेले चिरे, म्हणजे जांभ्याचे ठोकळे, काही महिने उघड्यावर सुकवून मग वापरावेत असे म्हणतात ते यासाठीच. चिरा निवडताना त्यात पांढऱ्या किंवा पिवळ्या मातीचे मोठे कप्पे नाहीत ना, हे पाहावे लागते. पावसात ही माती वाहून जाते आणि दगड पोकळ होतो. ठोकल्यावर खणखणीत वाजणारा, गडद तांबूस चिरा पश्चिमेच्या भिंतीसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे असते.

जांभा सच्छिद्र असल्यामुळे त्याला झडीपासून आडोसा लागतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण जुने गोवे येथील बॉम जेझू बासिलिकेचे आहे. १५९४ मध्ये सुरू होऊन १६०५ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू जांभ्याची असून तिच्या दर्शनी भागावरील कोरीव कामाचा बेसाल्ट वसईहून आणलेला आहे. तिच्या बाह्य भिंतींवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात तो काढून टाकण्यात आला, कारण उघडा दगड अधिक प्राचीन आणि भव्य दिसेल असे तेव्हा वाटले. तेव्हापासून उघड्या पडलेल्या जांभ्याची झीज होत आहे आणि गिलावा पुन्हा करावा की नाही यावर आजही वाद चालू आहे. अलीकडे नव्या घरांतही केवळ दर्जा (चिऱ्यांमधील सांधे) भरून चिऱ्याची भिंत उघडी ठेवण्याची आवड वाढली आहे. खोल पडवी किंवा रुंद वळचण असलेल्या बाजूस ती शोभते आणि टिकते. पावसाच्या थेट माऱ्यात असलेल्या भिंतीसाठी मात्र तो निर्णय चुकीचा आहे.

गिलाव्यासाठी पूर्वापार चुना वापरला जाई. किनाऱ्यावर तो शिंपले भाजून करत आणि वाळूसह दगडी चाकाच्या घाणीत मळत. चुन्याचा थर भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो, बारीक तडे काही प्रमाणात आपोआप सांधतो आणि दरवर्षीच्या सफेदीने त्याचे नूतनीकरण होते. याउलट जांभ्यावर दाट सिमेंटचा गिलावा आणि त्यावर पाणी अडवणारा रंग चढवला की एखाद्या तड्यातून आत गेलेले पाणी आतच अडकते. ते सुकताना क्षार पृष्ठभागाकडे आणते, भिंतीला लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि पुढे गिलावाच पोकळ होऊन गळून पडतो. घरमालक बहुधा रंगाला दोष देतो, पण खरे कारण पाण्याची अडलेली वाट हे असते. सिमेंटच वापरायचे असल्यास चुना मिसळलेला, मूळ दगडापेक्षा मऊ असा गिलावा आणि वाफ बाहेर सोडणारा रंग घेणे इष्ट असते.

काँक्रीटच्या बाबतीत मिठातील क्लोराइड हा मुख्य शत्रू आहे. काँक्रीटच्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक संरक्षक पापुद्रा असतो; क्लोराइड तो भेदते आणि सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो, त्यामुळे वरचे काँक्रीट आतून फुटते. छज्जे आणि गच्चीच्या कडा यांचे तुकडे पडताना दिसतात ते याच कारणाने. भारतीय मानक आयएस ४५६ : २००० यात परिस्थितीचे सौम्य ते आत्यंतिक असे पाच वर्ग केले आहेत. त्यांतील तीव्र वर्गासाठी किमान एम-३० प्रतीचे काँक्रीट (हा आकडा त्याची ताकद दर्शवतो) व सळईवर काँक्रीटचे ४५ मिमी. आवरण, तर समुद्राचे तुषार लागणाऱ्या अतितीव्र वर्गासाठी एम-३५ प्रत व ५० मिमी. आवरण सांगितले आहे. घरबांधणीत या आवरणाकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. खाडीची न धुतलेली वाळू किंवा मचूळ पाणी वापरल्यास क्लोराइड पहिल्या दिवसापासूनच आत असते आणि मग बाहेरच्या कोणत्याही रंगाचा उपयोग होत नाही.

उतरते छप्पर हे भिंतीचे पहिले संरक्षण होय. पूर्वीच्या नळीच्या कौलांची जागा मंगळुरी कौलांनी घेतली. त्यांचा पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने १८६५ मध्ये मंगळूर येथे सुरू केला. खाचांनी एकमेकांत बसणारी ही भाजलेल्या मातीची कौले गंजत नाहीत, आणि एखादे फुटले तर तेवढेच बदलता येते. पावसाळ्यापूर्वी कौले परतणे, कुजलेल्या रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) बदलणे आणि पन्हळी साफ करणे ही कामे त्यांच्या टिकाऊपणाचाच भाग आहेत. माकडांचा उपद्रव आणि कामगारांची टंचाई यांमुळे अनेकांनी पत्रे स्वीकारले आहेत. पत्र्यात साध्या जस्ताच्या मुलाम्यापेक्षा सुमारे ५५ टक्के ॲल्युमिनियम असलेला ॲल्युमिनियम-जस्ताचा मुलामा खाऱ्या हवेत अधिक काळ टिकतो, मात्र कापलेल्या कडा आणि स्क्रूची छिद्रे येथून गंज सुरू होतोच. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगर भागात किनारा ओलांडलेल्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत हजारो घरांची कौले व पत्रे उडवले. पत्रा कितीही चांगला असला तरी तो वाशांना आणि वासे भिंतीला किती घट्ट बांधले आहेत यावर छप्पर राहते की जाते, हे ठरते. ॲस्बेस्टॉसयुक्त सिमेंटचे पत्रे गंजत नाहीत. परंतु ते कापताना किंवा फुटताना सुटणारे तंतू फुप्फुसांना घातक असल्याने त्यांची शिफारस करता येत नाही.

लाकडात साग सर्वांत विश्वसनीय मानला जातो, त्यातील नैसर्गिक तेले वाळवी व बुरशी यांना रोखतात. फणस, शिवण, किंजळ आणि ऐन यांचाही वापर होतो. लाकूड भिजल्याने तितके कुजत नाही जितके ते सतत ओले राहिल्याने कुजते. जुन्या घरात खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा केलेला असतो, म्हणून त्याच्या पायथ्याशी पाणी थांबत नाही. गोव्यातील जुन्या खिडक्यांच्या लाकडी चौकटीत काचेऐवजी पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्या बसवलेल्या आढळतात. ही किनाऱ्यावरच मिळणारी, गंज किंवा कुजण्याचे भय नसलेली सामग्री होती.

बिजागऱ्या, कड्या, खिळे आणि स्क्रू हे भाग किमतीने अल्प असले तरी बहुधा तेच प्रथम निकामी होतात. समुद्राजवळ पितळ किंवा ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील वापरावे. या स्टीलमध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असल्याने ते क्लोराइडला ३०४ प्रतीपेक्षा चांगला प्रतिकार करते. ॲल्युमिनियमच्या खिडकीत साधे लोखंडी स्क्रू घातल्यास खाऱ्या ओलीत दोन भिन्न धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया घडून जोडाच्या जागी झीज होते, म्हणून त्यांच्यामध्ये नायलॉनचे किंवा रबराचे वॉशर ठेवतात. लाटांचे तुषार पोहोचणाऱ्या जागेपासून घर जितके दूर, तितकी ही झीज कमी होते. कोकणातील जुनी वस्ती पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर) न वसता नारळी-पोफळीच्या बागांच्या मागे, त्यांच्या आडोशाला वसलेली आढळते.