घरी पुस्तक, केंद्रावर सूक्ष्मदर्शक: सातारा-सांगलीतल्या दूरस्थ मानवी जीवशास्त्राची पार्श्वभूमी

जुलै-ऑगस्ट २०२५ च्या प्रवेशसत्रापासून सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्न व पोषणशास्त्र, क्लिनिकल न्यूट्रिशन आणि मानसशास्त्र हे विषय मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पत्राने देशभर बंदी आली. प्राणिशास्त्र त्या यादीत नाही. मिरजेच्या दवाखान्यांभोवतीच्या लॅबमध्ये किंवा कराडच्या एखाद्या रक्तपेढीत डीएमएलटीच्या (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या पदविकेच्या) जोरावर नोकरी करणाऱ्याला पदवी हवी असेल, तर त्याच्यापुढचा पहिला प्रश्न आता विषयाच्या नावाचा आहे. मानवी जीवशास्त्र दूरशिक्षणात सहसा त्या नावाने मिळतच नाही. शरीरक्रियाशास्त्र, ऊतिशास्त्र, आनुवंशिकी, जीवरसायन आणि रोगप्रतिकार असे त्याचे तुकडे प्राणिशास्त्राच्या बी.एस्सी.त किंवा वर सांगितलेल्या विषयांत विखुरलेले असतात. हे तुकडे कुठल्या विषयात बसवायचे, यावर आज सगळे अडले आहे.

मागचे थोडक्यात. इंग्लंडच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ पासून विद्यार्थ्यांच्या घरी प्रयोगाच्या पेट्या पाठवल्या. त्यात मुठीत मावेल असा सूक्ष्मदर्शकही असे. आपल्याकडे दिल्लीत १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू झाले, हैदराबादला १९८२ मध्ये मुक्त विद्यापीठ आले, दिल्लीचे राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ चे आणि नाशिकचे १९८९ चे. (नाशिकच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते देवराष्ट्र्याचे. गाव आज सांगली जिल्ह्यात असले तरी त्यांच्या जन्माच्या वेळी ते साताऱ्यात होते.) प्रयोगाची पेटी घरी पाठवण्याची पद्धत इथे मात्र रुजली नाही. चालू विज्ञान महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा सुट्टीत आणि रविवारी वापरायच्या, हा मार्ग पडला आणि अजून तोच आहे.

कोल्हापूरचे विद्यापीठ १९६२ साली झाल्यापासून दोन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालये त्याच्याकडे. बी.ए., बी.कॉम.ला बहिःस्थ म्हणून फॉर्म भरून परीक्षा देणारे कारकून, शिक्षक, पोलीस गावोगाव होते. विज्ञानाला ती वाट नव्हती, कारण टर्म ग्रँट (सत्र मान्य) व्हायला प्रात्यक्षिकांची हजेरी आणि सही-शिक्क्याचे जर्नल लागे. जर्नल सर्टिफाय झाले नाही तर परीक्षकासमोर उभे राहता येत नसे. मुक्त विद्यापीठांनी ही अट काढली नाही, तासांत बांधली.

ते तासांचे गणित माहीत नसेल तर पुढचा वाद कळत नाही. दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याच्या अभ्यासाचे ३० तास. दोन श्रेयांकांच्या लेखी विषयाला समोरासमोरचे मार्गदर्शन साधारण ६ तास, बाकी घरी. दोन श्रेयांकांच्या प्रात्यक्षिकाला मात्र पूर्ण ६० तास केंद्रावर उभे राहावे लागते. हे ६० तास बहुधा सलग ठेवतात. रोज साडेसात तास धरले तर आठ दिवस. जत किंवा आटपाडीच्या मुलीला ते सांगली-मिरजेत करायचे तर राहण्याची सोय पाहावी लागते, आणि खाजगी लॅबमधला मालक आठ दिवस रजा सहज देत नाही. दूरस्थ बी.एस्सी. अर्धवट सुटते ती बहुतेक वेळा इथे. सिद्धांताच्या पेपरात नापास झालेला पुन्हा बसतो, प्रात्यक्षिक चुकलेला थेट पुढच्या सत्राची वाट पाहतो.

सलग आठ दिवसांत काय बसते आणि काय बसत नाही, यानेही अभ्यासक्रमाला आकार दिला. फळमाशीची एक पिढी २५ अंश सेल्सियसला १० दिवसांच्या आसपास घेते; दुसऱ्या पिढीची गुणोत्तरे काढायची तर तीन आठवडे हवेत. म्हणून दूरस्थ केंद्रांवर माशांऐवजी वंशावळीचे तक्ते आणि गुणसूत्रांची कात्रणे जुळवून कॅरिओटाइप (गुणसूत्रांचा क्रमवार तक्ता) लावणे आले, आणि त्यातून आनुवंशिकी आपोआप माणसाकडे झुकली. लाळेतल्या अमायलेजचा प्रयोग ३७ अंशांवर एका बैठकीत होतो. रक्तगट, हिमोग्लोबिन, पेशींची मोजणी, रक्तदाब, नाडी हे सगळे एका दिवसात उरकता येते.

उरकता येते, पण बरोबर येतेच असे नाही. हिमोग्लोबिन मोजायच्या साहलीच्या पद्धतीत २० मायक्रोलिटर रक्त एन/१० हायड्रोक्लोरिक आम्लात घालून १० मिनिटे थांबायचे, मग डिस्टिल्ड वॉटर थेंबाथेंबाने घालून रंग जुळवायचा. तासाला घाई असली की पाच मिनिटांतच रंग जुळवतात आणि हिमोग्लोबिन कमी येते. बोट पिळून रक्त काढले तर ऊतीतला द्रव मिसळतो, तेव्हाही कमीच. लाल पेशींसाठी पिपेटमध्ये ०.५ पर्यंत रक्त आणि १०१ पर्यंत हेयमचे द्रावण, म्हणजे २०० पट सौम्यीकरण. पहिले दोन-तीन थेंब टाकून द्यायचे, कारण नळीच्या दांड्यातल्या द्रावणात पेशी नसतात. न्यूबॉवर चेंबरमध्ये (पेशी मोजायच्या, चौकोन आखलेल्या काचेत) पेशी खाली बसायला दोन-तीन मिनिटे द्यायची, ८० लहान चौकोन मोजायचे आणि दहा हजाराने गुणायचे. चेंबर काठोकाठ भरून द्रावण खाचेत उतरले तर ती भरणी पुसून पुन्हा करायची, गुणाकाराने ती दुरुस्त होत नाही. रक्तगटाच्या काचपट्टीवर दोन मिनिटांत निकाल पाहायचा. त्यानंतर कडा वाळतात आणि वाळलेली कड गुठळीसारखी दिसते. अँटी-ए आणि अँटी-बी एकाच काडीने ढवळले की ए किंवा बी गटाचा माणूसही कधी एबी ठरतो. रक्ताच्या फिल्मवर लिशमन स्टेन (पेशी रंगवायचे द्रावण) दोन मिनिटे तसाच ठेवून मग दुप्पट बफर पाणी ६.८ पीएचचे घालायचे असते. त्याऐवजी बोअरचे पाणी वापरले तर ते बहुधा अल्कधर्मी असल्याने सगळी फिल्म निळसर पडते आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचे कण ओळखू येत नाहीत.

यातले बरेच आता विद्यार्थ्याच्या स्वतःच्या रक्तावर होत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम शिक्षणसंस्थांनाही लागू आहेत: लॅन्सेट एकदाच वापरायची, ती पांढऱ्या, सुईने भोक न पडणाऱ्या डब्यात टाकायची, कचरा नोंदणीकृत वाहकाकडे द्यायचा. हा करार ज्या महाविद्यालयाकडे नाही ते बोट टोचण्याऐवजी तयार स्लाइड दाखवते. विच्छेदनही गेले. आधी २०११ मध्ये टप्प्याटप्प्याने कमी करण्याची सूचना आली आणि २०१४ मध्ये प्राणिशास्त्रातून पदवी-पदव्युत्तर दोन्ही स्तरांवर ते बंद झाले. बेडूक आणि उंदीर ट्रेमधून उठले. मानवी देहाचे विच्छेदन या वर्गाला कधीच खुले नव्हते. १९४९ च्या मुंबई शरीररचना कायद्यानुसार बेवारस देह मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांनाच मिळतात. हाडे, प्रतिकृती आणि स्लाइड एवढ्यावर शरीररचना भागते.

मधला काळ केंद्रांच्या सुळसुळाटाचा. परराज्यांतल्या संस्थांच्या पाट्या सातारा, कराड, सांगलीत दुकानांच्या माडीवर लागल्या होत्या. तिथे प्रवेश होई, परीक्षा होई, सूक्ष्मदर्शक दिसत नसे. २०१३ मध्ये जुनी दूरशिक्षण परिषद मोडून अधिकार आयोगाकडे गेले आणि विद्यापीठांना त्यांच्या भौगोलिक हद्दीत राहायला सांगितले गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्या अडवल्या. त्याच वर्षीचे आणि मग सप्टेंबर २०२० चे विनियम त्या वातावरणात आले. वैद्यक, दंतवैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, फिजिओथेरपी, पॅरामेडिकल हे विषय बाहेर राहिले, आणि त्यावर फारसे कोणी भांडले नाही. २०२२ मध्ये तर मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, असे स्पष्टीकरणही निघाले.

२०२५ चे पत्र वेगळे आहे. त्याचा आधार २०२१ चा संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांचा कायदा. कायद्याच्या अनुसूचीत व्यवसायांचे दहा गट आहेत आणि पहिलाच गट वैद्यकीय प्रयोगशाळा व जीवविज्ञानाचा. त्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे, तसेच जैवतंत्रज्ञ, अ-क्लिनिकल सूक्ष्मजीवतज्ज्ञ आणि अ-क्लिनिकल जीवरसायनतज्ज्ञही आहेत. व्यवसाय अनुसूचीत आला म्हणून त्या नावाचा विषय दूरशिक्षणातून गेला, असा हा क्रम आहे. बाजूने बोलण्यासारखे खरोखर आहे: रुग्णाच्या रिपोर्टवर सही करणारा माणूस पोस्टाने आलेल्या पुस्तकावर तयार झालेला नसावा, आणि माडीवरच्या केंद्रांचा इतिहास पाहता आयोगाला सरसकट दार लावणे सोपे वाटले असणार. पण दार चुकीच्या बिजागरीवर लावले आहे. दोष प्रात्यक्षिकाच्या तासांचा होता. तपासणी विषयाच्या नावाची झाली. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने ६० तासांत त्याच न्यूबॉवर चेंबरमध्ये त्याच पेशी मोजायच्या, ते चालते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने तेवढेच तास तशाच प्रयोगशाळेत काढले तरी चालत नाही. शिवाय अनुसूचीतली नावे खुद्द ‘अ-क्लिनिकल’ म्हणतात, म्हणजे रुग्णाशी थेट संबंध नसलेली. जीवरसायनाचे काय, हाही गुंता आहेच: पत्रात उदाहरण म्हणून दिलेल्या विषयांत ते नाही, अनुसूचीत आहे, आणि पत्राची भाषा कायद्याखाली येणाऱ्या सगळ्या अभ्यासक्रमांना लागू होणारी आहे. अनेक विषयांच्या पदवीत फक्त तो एक विषय वगळायचा आहे, पूर्ण पदवी नाही. बी.ए.ला मानसशास्त्र घेऊ पाहणाऱ्यांना म्हणून दुसरा विषय निवडावा लागतो.

मिरजेच्या डीएमएलटीवाल्यासाठी शिल्लक राहते ते प्राणिशास्त्र, तेही शरीरक्रिया, ऊतिशास्त्र आणि रोगप्रतिकार हे पेपर ज्या वर्षांना आहेत ते पाहून. ही पदवी घेऊन तो प्रयोगशाळा तंत्रज्ञ ठरत नाही; बी.एड., स्पर्धा परीक्षा आणि प्राणिशास्त्राची एम.एस्सी. यांना ती चालते. प्रवेशाआधी एबीसी खात्यावरून (श्रेयांक साठवणाऱ्या अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यावरून) डीईबी आयडी, म्हणजे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, काढावा लागतो. त्याशिवाय झालेला प्रवेश धरला जात नाही. संस्थेला त्या सत्रासाठी आणि त्याच विषयासाठी मान्यता आहे का, हे आयोगाच्या संकेतस्थळावर पाहावे, मागच्या वर्षीची यादी उपयोगाची नाही. सत्रे दोन, जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी. पहिले सत्र सांगलीच्या आयर्विन पुलाखालची पातळी रोज पाहण्याच्या दिवसांत पडते, त्यामुळे कृष्णाकाठच्यांनी कागद आधीच स्कॅन करून ठेवलेले बरे. आणि फी भरण्यापूर्वी केंद्राला विचारायचे ते अभ्यासवर्ग कुठे होतात हे नव्हे, प्रात्यक्षिके कुठे आणि कोणत्या महिन्यात होतात हे; दोन्ही पत्ते बऱ्याचदा वेगळ्या तालुक्यांतले असतात.