मधुमेह झालेल्या कुत्र्याची घरी देखभाल : इन्सुलिन नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या दुकानातून कुत्र्यासाठी इन्सुलिन, सिरिंज किंवा तपासणीच्या पट्ट्या नेणाऱ्या प्रत्येक ग्राहकाच्या हाती हे माहितीपत्रक दिले जाते. औषध कोणते आणि मात्रा किती, हे ठरवण्याचा अधिकार उपचार करणाऱ्या पशुवैद्यकांचाच आहे आणि त्यात आम्ही ढवळाढवळ करीत नाही. परंतु चिठ्ठीवर न मावणारे आणि तरीही रोज दोन वेळा घरी सांभाळावे लागणारे बरेच तपशील असतात. त्यांबद्दल दुकानात उभ्या उभ्या झालेले बोलणे घरी पोहोचेपर्यंत निम्मे विसरले जाते, म्हणून ते येथे लेखी देत आहोत.

कुत्र्याचा मधुमेह हा घरातील आजोबांच्या मधुमेहासारखा नसतो. माणसांत उतारवयात आढळणाऱ्या मधुमेहात शरीर इन्सुलिन तयार करीत असते, पण त्याचा उपयोग नीट होत नाही, आणि म्हणून अनेकांचे बरीच वर्षे गोळ्यांवर भागते. कुत्र्याच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच बहुधा नष्ट झालेल्या असतात. त्यामुळे घरातील मेटफॉर्मिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी अर्धी करून दिल्याने साखर आटोक्यात येत नाही, उलट उपचाराचे मोलाचे दिवस वाया जातात. कारल्याचा रस, मेथीचे पाणी, जांभळाच्या बियांची पूड यांबद्दलही आमच्याकडे विचारणा होते. यांपैकी काहीही इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही, आणि कडू रस बळेच पाजल्यामुळे कुत्र्याने जेवणच सोडले तर नवी अडचण उभी राहते.

आपल्याकडे मादी कुत्री असेल आणि तिचे अंडाशय व गर्भाशय काढलेले नसेल, तर ती शस्त्रक्रिया लवकर करून घेण्याबद्दल डॉक्टरांशी अवश्य बोलावे. माज येऊन गेल्यानंतरच्या काही आठवड्यांत शरीरातील संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, आणि नीट बसवलेली मात्रा दर वेळी विस्कटते.

“माणसाचे इन्सुलिन कुत्र्याला चालते का?” हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नवा ग्राहक विचारतो. कुत्र्याचे आणि डुकराचे इन्सुलिन रचनेने तंतोतंत सारखे असते, आणि माणसाच्या इन्सुलिनमध्ये त्याहून केवळ एका अमिनो आम्लाचा फरक असतो. त्यामुळे माणसांसाठी तयार केलेले इन्सुलिन कुत्र्यावर काम करते आणि आपल्याकडील पशुवैद्यक ते सर्रास लिहून देतात. खरे तर हे औषध माणसापर्यंत कुत्र्यांमुळेच आले. स्वादुपिंड काढल्यावर मधुमेह होतो हे १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे एका कुत्र्यावरच दिसून आले, आणि १९२१ मध्ये टोरांटो येथे स्वादुपिंडाचा अर्क मधुमेही कुत्र्यांना टोचून त्यांची साखर उतरवून दाखवली गेली.

बाटली आणि सिरिंज यांची जोडी

हा भाग कृपया दोनदा वाचावा. या आजारात घरी होणारी सर्वांत धोकादायक चूक आमच्या मते हीच आहे, आणि ती निष्काळजी माणसाकडूनच होते असे मुळीच नाही.

भारतात इन्सुलिन मुख्यतः दोन तीव्रतांमध्ये मिळते. साध्या बाटलीतील इन्सुलिनच्या एका मिलिलिटरमध्ये बहुधा ४० युनिट असतात, तर पेनमध्ये भरावयाच्या कार्ट्रिजमध्ये आणि काही बाटल्यांमध्ये १०० युनिट असतात. सिरिंजही त्याप्रमाणे दोन प्रकारच्या असतात : ४० च्या सिरिंजला लाल टोपण आणि १०० च्या सिरिंजला नारिंगी. सिरिंजवरील आकडा हा मिलिलिटरचा नसून युनिटचा असतो, आणि तो आकडा त्याच तीव्रतेच्या बाटलीसाठी खरा असतो.

डॉक्टरांनी ८ युनिट लिहिले आहेत असे समजू. १०० तीव्रतेचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये आठाच्या खुणेपर्यंत ओढले, तर आत ०.२ मिलिलिटर औषध येते, म्हणजे २० युनिट. ही मात्रा अडीच पट झाली आणि तिने कुत्र्याचा जीव जाऊ शकतो. उलट ४० तीव्रतेचे इन्सुलिन नारिंगी टोपणाच्या सिरिंजमध्ये आठापर्यंत घेतले, तर जेमतेम ३.२ युनिट जातात. मग साखर उतरत नाही आणि औषध लागू पडत नाही असा समज होऊन मात्रा विनाकारण वाढवली जाते. घरात आजोबांसाठी आणलेल्या सिरिंज शिल्लक असतात, कुत्र्याच्या सिरिंज रात्री संपतात, आणि सुई तर सुई म्हणून त्यातलीच एक वापरली जाते, अशा साध्या परिस्थितीत हा घोटाळा होतो. म्हणून कुत्र्याची बाटली आणि सिरिंज घरातील माणसांच्या औषधांपासून वेगळ्या डब्यात ठेवाव्यात आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘४०’ किंवा ‘१००’ लिहून ठेवावे. आमच्याकडून बाटली नेताना तिच्या जोडीची सिरिंज आम्ही तपासूनच देतो. दुसरीकडून सिरिंज घेतल्यास टोपणाचा रंग पाहूनच थांबू नये, नळीवर छापलेला आकडाही बाटलीवरील आकड्याशी जुळवून पाहावा.

साठवण

इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे. फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवल्यास ते गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर पूर्वीसारखेच दिसत असले तरी ते टाकून द्यावे. विदर्भातील एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि बंद गाडीच्या डिकीत अर्धा तास राहिलेल्या बाटलीचा भरवसा देता येत नाही. या दिवसांत आम्ही इन्सुलिन थंड पाकिटासह देतो आणि अकोला-अमरावतीकडे जाणाऱ्या ग्राहकांना बाहेरची कामे आटोपून, परतीच्या वाटेवरच ते नेण्याची विनंती करतो. बाटली बर्फाला थेट टेकू देऊ नये, मध्ये कापड ठेवावे. वीज दीर्घकाळ गेली, तर फ्रीजचे दार वारंवार न उघडणे हाच पहिला उपाय आहे.

बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. उघडल्यानंतर ती किती दिवस वापरावी हे कंपनीने वेष्टनावर दिलेले असते, आणि ही मुदत साधारणतः चार ते सहा आठवड्यांची असते. लहान कुत्र्यांच्या बाबतीत हे ग्राहकांना खटकते, आणि ते स्वाभाविकही आहे. १० मिलिलिटरच्या ४० तीव्रतेच्या बाटलीत ४०० युनिट असतात, आणि दोन्ही वेळा ३ युनिट घेणाऱ्या पॉमेरेनियनला सहा आठवड्यांत २५२ युनिटच लागतात. उरलेले औषध मन घट्ट करून टाकावे लागते. मुदत उलटलेल्या बाटलीमुळे साखर वाढू लागली, तर पुढच्या तपासण्यांचा खर्च त्या उरलेल्या औषधाहून जास्त होतो.

दुधाळ दिसणारे इन्सुलिन वापरण्यापूर्वी बाटली दोन्ही तळव्यांमध्ये हलकेच फिरवावी, जोराने हलवू नये. ग्लार्जिनसारखे इन्सुलिन पाण्यासारखे स्वच्छ असते. ते गढूळ दिसले तर वापरू नये.

रोजचा क्रम

बहुतेक कुत्र्यांना बारा तासांच्या अंतराने दोन इंजेक्शने आणि त्यांच्या सोबत दोन जेवणे असा क्रम सांगितलेला असतो. आधी जेवण आणि मग सुई, असाच क्रम ठेवावा. कारण सुई टोचल्यावर कुत्र्याने ताट हुंगून तोंड फिरवले, तर दिलेले इन्सुलिन परत घेता येत नाही. त्याने जेवण नाकारले, अर्धेच खाल्ले किंवा ओकून टाकले, तर पूर्ण मात्रा देऊ नये आणि डॉक्टरांना फोन करावा. अशा वेळी किती द्यायचे, हे आजच, म्हणजे तशी वेळ येण्यापूर्वीच, त्यांना विचारून चिठ्ठीवर लिहून घेतलेले बरे.

सुई मानेच्या अगदी वरच्या सैल कातडीत देण्याऐवजी छातीच्या किंवा कमरेच्या बाजूला द्यावी आणि जागा रोज थोडी बदलावी. कातडी चिमटीत उचलली की तिचा लहानसा तंबू होतो. त्याच्या पायथ्याशी सुई आत सारावी आणि दट्ट्या सावकाश दाबावा. दाट केसांच्या कुत्र्यात सुई पलीकडून बाहेर येऊन औषध केसांतच सांडण्याचा प्रकार घडतो. नंतर बोट फिरवून ओल लागते का ते पाहावे. औषध सांडले अशी शंका आली तरी दुसरे इंजेक्शन देऊ नये. एक मात्रा चुकल्याने साखर काही तास चढी राहते, पण दुहेरी मात्रा जीवावर बेतते.

एकत्र कुटुंबात दुहेरी मात्रा जाण्याचे कारण बहुधा प्रेमच असते. सकाळी वडिलांनी सुई दिलेली असते, ते आईला ठाऊक नसते आणि त्याही देतात. फ्रीजच्या दारावर कागद लावून सुई देणाऱ्याने त्याच क्षणी वेळ आणि सही टाकावी. सही नसली म्हणजे दिलेच नाही असेही धरू नये, आधी घरात सर्वांना विचारावे. आणि खात्री होत नसेल तर ती मात्रा सोडून द्यावी.

खाणे

जेवणात विविधता आणण्याचा मोह आवरावा. रोज तेच अन्न, तितकेच आणि त्याच वेळी दिले, तरच डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेला अर्थ राहतो. मोजके प्रथिन, भरपूर तंतू आणि कमी चरबी असा आहार सहसा सांगितला जातो. मटणाची चरबी आणि तुपात माखलेली पोळी यांमुळे स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि मग साखर आवरणे फार अवघड होते. दूध-पोळी, टोस्ट आणि चहात बुडवलेले बिस्किट बंद करावे. हे शेवटचे बहुधा घरातील ज्येष्ठांकडून गुपचूप दिले जाते, म्हणून त्यांनाही हे पत्रक वाचून दाखवावे. पोळ्याची पुरणपोळी, गणपतीतील मोदक, महालक्ष्म्यांच्या जेवणातील गोडधोड यांपैकी काहीही कुत्र्याच्या वाट्याला जाऊ नये. प्रसादाच्या शिऱ्यातील बेदाणे तर निरोगी कुत्र्याच्याही मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. घरात एकादशी असली, तरी कुत्र्याचे दोन्ही वेळचे जेवण ठरल्या वेळीच व्हावे.

‘शुगर-फ्री’ पदार्थ मधुमेही कुत्र्याला चालतील, हा समज घातक आहे. च्युइंगम, काही मिठाया आणि टूथपेस्ट यांत झायलिटॉल नावाचा गोड घटक असू शकतो. त्याने कुत्र्याची साखर एकाएकी कोसळू शकते आणि यकृतही निकामी होऊ शकते.

फिरणेही जेवणाप्रमाणेच रोज सारखे असावे. आठवडाभर गल्लीत दहा मिनिटे आणि रविवारी अंबाझरी तलावावर तासभर धावपळ, असे केल्यास त्या दिवशी साखर अपेक्षेपेक्षा खाली जाते.

साखर कमी झाल्यास

कुत्रा लडखडू लागला, गळून गेला, थरथरू लागला, बोलावूनही शून्यात पाहत राहिला किंवा त्याला आकडी आली, तर साखर खूप खाली गेली आहे असे धरून चालावे. ग्लुकोमीटर शोधण्यात वेळ घालवू नये. ग्लुकोजची पावडर किंवा साखर थोड्या पाण्यात दाट कालवून, किंवा मध घेऊन, तो बोटाने हिरड्यांवर चोळावा. आकडी चालू असताना बोट दातांमध्ये घालू नये, ओठ उचलून बाहेरच्या बाजूनेच चोळावे. शुद्धीवर नसलेल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी किंवा सरबत ओतू नये, ते फुप्फुसात जाते. सावध झाल्यावर त्याला नेहमीचे अन्न द्यावे आणि बरे वाटले तरी लगेच डॉक्टरांकडे न्यावे, कारण इन्सुलिनचा परिणाम पुढेही काही तास चालू असतो. पुढचे इंजेक्शन डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नये. मधाची लहान बाटली घरात आणि गाडीत कायम ठेवावी, ही आमची आग्रहाची सूचना आहे.

घरची नोंद

उन्हाळ्यात कुत्रे पाणी जास्त पितेच, त्यामुळे आजार बळावल्याचे पहिले लक्षण नागपुरात तरी सहज नजरेआड होते. त्यावर उपाय म्हणजे मोजणे. सकाळी मोजून पाणी भरावे आणि दुसऱ्या सकाळी उरलेले वजा करावे. दिवसाला दर किलो वजनामागे १०० मिलिलिटरहून अधिक पाणी, म्हणजे ३० किलोच्या लॅब्रेडॉरने तीन लिटरहून अधिक पाणी पिणे, हे डॉक्टरांच्या कानावर घालावे. वजन दर आठवड्याला करावे. दुकानातील काटा त्यासाठी मोफत उपलब्ध आहे.

लघवीच्या पट्टीवर साखर दिसली म्हणून घरच्या घरी मात्रा वाढवू नये. पट्टी गेल्या काही तासांचा हिशेब सांगते, आताचा नाही. शिवाय रात्री साखर फार खाली गेली असेल तर शरीर स्वतःहून ती वर ढकलते, आणि सकाळची पट्टी नेमके उलटे चित्र दाखवते. अशा वेळी मात्रा कमी करण्याची गरज असू शकते, आणि हे दिवसभर दर दोन तासांनी साखर तपासून काढलेल्या आलेखावरूनच कळते. घरी तपासायचे असल्यास कानाच्या कडेवर टोचून रक्ताचा थेंब मिळतो, परंतु माणसांचे ग्लुकोमीटर कुत्र्याची साखर बहुधा प्रत्यक्षाहून कमी दाखवतात, म्हणून कोणत्या यंत्रावर मोजले तेही नोंदीत लिहावे. नवी मात्रा बसण्यास काही आठवडे लागतात आणि त्या काळात आकडे वरखाली होत राहिले, तरी उपचार फसले असे समजू नये.

पट्टीवर कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागले की तयार होणारे घटक) दिसले, आणि त्याच्या जोडीला कुत्रा ओकत असेल, खात नसेल किंवा मलूल पडला असेल, तर रात्र काढू नये. ही अवस्था घरी सावरता येत नाही, सलाइन लावावेच लागते. दातांची कीड, लघवीचा जंतुसंसर्ग आणि पावसाळ्यात चिघळणारे त्वचेचे विकार यांनीही इन्सुलिनची गरज वाढते. खाजेसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे जाणे झाले, तर मधुमेहाची कल्पना आधी द्यावी, कारण स्टेरॉइडच्या औषधांनी साखर चढते.

बहुतेक मधुमेही कुत्र्यांना मोतीबिंदू होतो, आणि अनेकदा पहिल्या वर्षातच. उपचारात आपण कसूर केली म्हणून तो झाला, असे मानण्याचे कारण नाही. त्यावर शस्त्रक्रिया होऊ शकते. ती करायची नसली, तरी कुत्रा वासावर आणि आवाजावर घरात बऱ्यापैकी वावरतो. फक्त सोफा, पाण्याचे भांडे आणि कूलर यांच्या जागा बदलू नयेत. डोळा लाल झाला किंवा तो सारखा मिटू लागला, तर लगेच दाखवावा.

वापरलेली सुई टोपण लावून जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकावी आणि बाटली भरल्यावर तिच्यावर ‘सुया’ असे लिहून ती घंटागाडीत वेगळी द्यावी. ओल्या-सुक्या कचऱ्यात सुटी सुई गेल्यास ती कचरा वेचणाऱ्याच्या हाताला लागते.

नवीन बाटली हवी असल्यास हातातील बाटली संपण्याच्या किमान आठवडाभर आधी सांगावे, कारण काही प्रकारचे इन्सुलिन मागवून आणावे लागते. एका प्रकारच्या ऐवजी दुसरा प्रकार आम्ही स्वतःहून देत नाही आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय इन्सुलिनची विक्री करीत नाही. येताना चिठ्ठी, जुनी बाटली आणि सध्या वापरात असलेली एक कोरी सिरिंज सोबत आणावी.