काँटेम्पररी ज्यूइश म्युझिअम, सॅन फ्रान्सिस्को

समकालीन ज्यू संस्कृती व कला यांविषयीचे अमेरिकेतील एक संग्रहालय. सॅन फ्रान्सिस्कोच्या येर्बा ब्यूना भागात मिशन स्ट्रीटवर ते आहे. स्थापना १९८४. सध्याची वास्तू ८ जून २००८ रोजी खुली झाली. काही संदर्भांत २००८ हेच स्थापनावर्ष दिलेले आढळते, ते ग्राह्य नाही. त्याआधी स्टुअर्ट स्ट्रीटवरील लहानशा जागेत संस्थेचे काम चाले.

‘संग्रहालय’ हा शब्द येथे सैलपणे घ्यावा लागतो, कारण संस्थेने स्वतःचा कायम संग्रह ठेवलेला नाही. बदलती प्रदर्शने हाच तिचा व्यवहार. शेजारच्या बर्कलीतील ज्यूडा मॅग्नस संग्रहालयाशी २००२ मध्ये तिचे विलीनीकरण झाले होते, पण ते वर्षभरातच मोडले. मॅग्नसचा संग्रह मोठा असून कोचीच्या ज्यूंच्या वस्तूही त्यात आहेत. दोन्ही संस्था एकत्र राहत्या, तर हे चित्र बहुधा निराळे झाले असते.

वास्तू : मूळ इमारत जेसी स्ट्रीट विद्युत उपकेंद्राची. तिचा सर्वांत जुना भाग १८८१ च्या सुमाराचा मानतात. आज दिसणारा लाल विटांचा, पांढऱ्या नक्षीचा दर्शनी भाग वास्तुविशारद विलिस पोक यांचा असून तो सामान्यतः १९०७ चा, म्हणजे १९०६ च्या भूकंपानंतरचा, धरला जातो. उपकेंद्र १९६८ मध्ये बंद पडले. त्याचे संग्रहालयात रूपांतर बर्लिनच्या ज्यू संग्रहालयामुळे प्रसिद्धीस आलेले डॅनिएल लीबेसकिंड यांनी केले. एकूण क्षेत्रफळ सुमारे ६३,००० चौ. फुट.

लीबेसकिंड यांनी जुन्या विटांमधून निळ्या पोलादाचे दोन आकार बाहेर काढले. ‘खेत’ आणि ‘युद’ या हिब्रू अक्षरांवर ते बेतलेले असून दोन्ही मिळून ‘खाय’ म्हणजे ‘जिवंत’ हा शब्द होतो. हिब्रूत अक्षरांना अंकमूल्य असते (आपल्याकडील कटपयादी पद्धतीची येथे आठवण होते). खेत ८, युद १०, बेरीज १८. युदच्या आकारात सामावलेल्या युद दालनातील हिऱ्याच्या आकाराच्या खिडक्या ३६, म्हणजे त्याच्या दुप्पट. रस्त्यावरून मात्र अक्षरे वाचता येत नाहीत. कोणी सांगितल्याशिवाय युदचा आकार म्हणजे नुसता तिरका घनच दिसतो. पोलादाला निळा रंग फासलेला नाही. पृष्ठभागावरील ऑक्साइडच्या पारदर्शक थरात प्रकाशाचे व्यतिकरण होते आणि पावसाच्या पाण्यावरील तेलाच्या तवंगाप्रमाणे, पाहण्याच्या कोनानुसार व हवामानानुसार छटा बदलते.

प्रवेशदालनाच्या भिंतीत ‘पर्देस’ या शब्दाची अक्षरे प्रकाशरेषांनी घडवली आहेत. शब्दाचा अर्थ फळबाग; तो मूळचा इराणी, म्हणजे फारसीतील ‘फिरदौस’चा नातलग. धर्मग्रंथ वाचण्याच्या चार पातळ्यांच्या (पेशात : सरळ अर्थ, रेमेझ : सूचितार्थ, देराश : विवरण, सोद : गूढार्थ) आद्याक्षरांतून तो जुळवला जातो. ही जुळणी साधारणतः तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधील गूढवादी लेखनात दिसू लागते. तीमागे ख्रिस्ती चतुर्विध अर्थपद्धतीचा प्रभाव असल्याचे काही अभ्यासक मानतात, तर काहींच्या मते ती ज्यू परंपरेतूनच घडली. दोन्ही समाज शेजारी नांदत होते हे लक्षात घेता पहिले मत अगदीच टाकाऊ वाटत नाही. मात्र चारही वाचनप्रकार वेगवेगळे पाहता ज्यू परंपरेत आधीपासून होते.

प्रदर्शने : युद दालनाच्या भिंती तिरक्या असल्याने तेथे चित्रे टांगणे कठीण, म्हणून आरंभी संगीतकार जॉन झॉर्न यांच्या संयोजनाखाली हिब्रू अक्षरांवरील ध्वनिरचना ऐकवल्या गेल्या. पारंपरिक विधिवस्तू आजच्या कलावंतांकडून नव्याने घडवून घेण्याचा उपक्रम जुन्या जागेपासूनचा; २००९ मध्ये पासओव्हर या ज्यू सणातील सेडर नावाच्या विधिवत भोजनाचे ताट हा विषय होता. चित्रकार मार्क शगाल, चित्रपट-दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक, गायिका एमी वाइनहाउस, जीन्सवाले लेव्ही स्ट्रॉस यांच्यावरही प्रदर्शने झाली. नावे पाहता ‘ज्यू’ या शब्दाची व्याप्ती धर्माचरणापेक्षा मोठी धरलेली दिसते.

२०२४ च्या ‘कॅलिफोर्निया ज्यूइश ओपन’ या खुल्या प्रदर्शनातून, गाझातील युद्धाच्या पार्श्वभूमीवर, काही निवडलेल्या कलावंतांनी कलाकृती मागे घेतल्या. त्यांच्यासाठी राखलेली भिंत संग्रहालयाने मोकळीच ठेवली. त्याच वर्षी १५ डिसेंबरपासून संग्रहालयाची दालने किमान वर्षभरासाठी बंद करण्यात आली. महासाथीनंतर घटलेले प्रेक्षक आणि इमारतीचे कर्ज ही त्याची मुख्य कारणे होती.