व्हिक्टोरियन घरांचे नूतनीकरण आणि सजावट

राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत (१८३७–१९०१) बांधलेल्या राहत्या घरांची दुरुस्ती, त्यांत आजच्या सोयी करणे आणि त्यांची अंतर्गत सजावट, असे या कामाचे स्वरूप आहे. ब्रिटनमध्ये अशी घरे आजही मोठ्या प्रमाणावर वापरात आहेत. अमेरिकेतही या काळातील घरांना व्हिक्टोरियन म्हणतात; पण सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांत ती बहुतांशी लाकडी असल्याने त्यांच्या दुखण्याची जात वेगळी आहे. या नोंदीत प्रामुख्याने ब्रिटनमधील विटांच्या घरांचा विचार केला आहे.

काचेवरील कर १८४५ मध्ये, विटांवरील १८५० मध्ये आणि खिडक्यांवरील १८५१ मध्ये उठला. वेल्समधील स्लेटचे पातळ दगड रेल्वेने देशभर पोहोचू लागले. एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या घरांच्या लांबच लांब रांगा, म्हणजे ‘टेरेस’, झपाट्याने वाढल्या त्या याच काळात. दर्शनी बाजूला पुढे आलेली बे-विंडो, आत अरुंद बोळ आणि जिना, पुढची बैठक, मागची खोली आणि सर्वांत मागे स्वयंपाकघर ही त्यांची ठरलेली मांडणी. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर स्थानिक नियमांनी रस्त्याची रुंदी, गटारे आणि वायुवीजन यांना शिस्त लावली. इंग्लंडमधील अनेक गल्ल्या एका साच्यातून काढल्यासारख्या दिसतात, त्याचे एक कारण हे नियम आहेत.

नूतनीकरणातील बहुतेक चुका भिंतीपासून सुरू होतात. ही भिंत साधारण नऊ इंच जाडीची, भरीव आणि चुन्यात बांधलेली असते. पावसाचे पाणी ती थोडेफार शोषते आणि ऊन-वारा मिळाला की चुन्याच्या दरजांतून ते बाहेर टाकते. विसाव्या शतकात मजबुतीच्या नावाखाली या दरजा सिमेंटने भरल्या गेल्या. सिमेंट जुन्या विटेपेक्षा कठीण असते आणि त्यातून ओल सहज निघत नाही. मग ती विटेतून वाट काढते, थंडीत गोठते आणि विटेचा दर्शनी पापुद्राच सोडवते. आतून जलरोधक गिलावा केला तर डाग काही काळ झाकला जातो, पण ओल थोडी वर सरकून पुन्हा डोके काढते. जमिनीतून चढणाऱ्या ओलीवर भिंतीत रसायन टोचण्याचा उपाय सर्रास विकला जातो. त्याआधी गळका पन्हळ, तुंबलेली मोरी आणि बाहेरच्या अंगणाची वाढलेली उंची तपासावी. भिंतीतील ओलरोधक थर बाहेरच्या जमिनीपेक्षा किमान १५० मिलिमीटर वर असावा लागतो. पिढ्यानपिढ्या फरशीवर फरशी चढत गेली की तो गाडला जातो, आणि अशा वेळी फावडे हेच खरे औषध ठरते.

तळमजल्याची लाकडी जमीन वाशांवर अधांतरी असते. तिच्याखाली हवा खेळावी म्हणून भिंतीत छिद्रे असलेल्या विटा बसवलेल्या असतात. थंडी लागते म्हणून कोणी त्या बुजवल्या की लाकूड दमट राहते आणि ‘ड्राय रॉट’ ही बुरशी धरते. नाव ‘ड्राय’ असले तरी ती ओलीशिवाय जगत नाही.

सॅश खिडकीची यंत्रणा मुद्दाम पाहण्याजोगी आहे. वर-खाली सरकणाऱ्या दोन चौकटी दोरीने बांधलेल्या असतात आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला, बाजूच्या पोकळ खोक्यात, ओतीव लोखंडाचे वजन लटकते. वजन आणि चौकट यांचा तोल जमला की अवजड खिडकीही एका हाताने उचलली जाते. दोरी तुटली म्हणून खिडकी फेकून देण्याची गरज नसते. खोक्याच्या तळाजवळची छोटी फळी काढून नवी दोरी ओवता येते. दुहेरी काच बसवायची असेल तर मात्र वजनेही वाढवावी लागतात, नाहीतर वरची चौकट आपसूक खाली घसरते.

छतासाठी लाकडाच्या अरुंद पट्ट्या ठोकून त्यांवर जनावरांचे केस मिसळलेला चुन्याचा गिलावा दाबत. पट्ट्यांच्या फटीतून वर आलेला गिलावा वळून आकड्यासारखा अडकतो. हे आकडे तुटले की छताला झोळ येतो. मधोमध असलेले नक्षीदार चक्र, म्हणजे ‘सीलिंग रोझ’, अनेकदा बोथट दिसते. नक्षी झिजलेली नसते; सरस आणि खडूच्या पांढऱ्या रंगाचे थरावर थर तिच्यात साचलेले असतात. ते वाफेने किंवा पाण्याने भिजवून लाकडी काडीने हळूहळू काढले की पानांच्या शिरा दिसू लागतात.

सजावटीत भिंतीचे तीन पट्टे करण्याची रीत होती: खाली डॅडो, मध्ये मुख्य भाग, वर फ्रीझ. बोळात आणि जिन्याजवळ भिंतीला धक्के लागत, म्हणून तिथे डॅडोला टणक, उठावदार आच्छादन असे. त्यांपैकी लिंक्रस्टा फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८७७ मध्ये आणले, लिनोलियम हे जमिनीवरचे आच्छादनही त्यांचेच. प्रवेशमार्गात मिंटन, मॉ यांसारख्या कारखान्यांच्या भौमितिक फरश्या बसत. मिंटनच्या फरश्या समुद्र ओलांडून मुंबईतही आल्या. १८७२ मध्ये खुल्या झालेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची जमीन त्यांचीच आहे. त्या वास्तूच्या जीर्णोद्धाराला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला.

भिंतीच्या कागदांतील हिरवा रंग अनेकदा आर्सेनिकचा असे. नक्षीकार विल्यम मॉरिस यांच्या कंपनीचे सुरुवातीचे कागदही त्याला अपवाद नव्हते. लाकडावरच्या जुन्या रंगात शिसे असते. म्हणून जुने थर कोरडे घासू नयेत, आधी तपासून घ्यावेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही शैली जुनाट ठरली. बीबीसीने १९६२ मध्ये लंडनच्या ईलिंग भागातील एक पडीक घर घेऊन घरदुरुस्तीचे कार्यक्रम सादर करणारे बॅरी बकनेल यांच्याकरवी ते प्रेक्षकांसमोर आधुनिक करून दाखवले. नक्षीच्या दारांवर हार्डबोर्ड ठोका, जिन्याचे कठडे झाका, शेकोट्या बुजवा, असा तो जमाना होता. एका अर्थी या झाकाझाकीचे उपकारच झाले, कारण पुष्कळ दारे हार्डबोर्डखाली शाबूत राहिली. त्याआधी, १९५८ मध्ये, लंडनच्या १८ स्टॅफर्ड टेरेस या घरात, त्या काळच्या वास्तूंच्या जतनासाठी, व्हिक्टोरियन सोसायटी स्थापन झाली होती. व्यंगचित्रकार लिनली सॅमबोर्न १८७५ मध्ये तिथे राहायला आले. पुढे संग्रहालय झालेले हे घर त्या काळची खचाखच भरलेली सजावट जवळजवळ जशीच्या तशी दाखवते.

नंतर लंबक दुसरीकडे गेला. दारे दाहक द्रावणात बुडवून, रंग उतरवून, उघडे पाइनचे लाकूड ‘अस्सल’ म्हणून मिरवले जाऊ लागले. मूळ मालकाला मात्र ते अर्धवट सोडलेले काम वाटले असते. स्वस्त पाइन नेहमी रंगवलेले असे, किंवा त्यावर ब्रशने ओकच्या रेषा काढलेल्या असत. जमिनीच्या फळ्याही फक्त कडेने गडद करत. मधोमध गालिचा असे.

आजची मोठी कामे म्हणजे दोन खोल्यांमधली भिंत पाडून वर पोलादी तुळई देणे, स्वयंपाकघर बाजूच्या बोळात वाढवणे आणि धुराड्याचा भाग काढणे. शेवटचे सर्वांत धोक्याचे. खालचा भाग काढला आणि वरच्याला आधार दिला नाही, तर टनावारी विटा अधांतरी राहतात. सामाईक भिंतीला हात लागत असेल तर इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ च्या कायद्यानुसार शेजाऱ्याला नोटीस द्यावी लागते. घर वारसा यादीत असेल तर आतील बदलांनाही परवानगी लागते. नियोजन कायदा घराच्या वापरावरही नजर ठेवतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिक्षणाच्या काळात १९२१–२२ मध्ये लंडनच्या १० किंग हेन्रीज रोड या टेरेस घरात राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये विकत घेऊन तिथे स्मारक केले. राहत्या घराचे संग्रहालय करायला त्या भागातील कॅम्डन नगरपरिषदेने नकार दिला, प्रकरण अपिलात गेले आणि २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली.