अबेलिया: एका फुलाला एकच बी, मग इतक्या जाती आल्या कुठून?

अमेरिकेच्या दक्षिण भागात किंवा इटलीत राहणाऱ्यांनी अबेलिया पाहिलेली असणारच, नाव माहीत नसेल कदाचित. बिल्डिंगच्या कडेने, पार्किंगच्या बाजूला कुंपण म्हणून लावतात ते झुडूप, चकचकीत छोटी पानं, पांढरी-गुलाबीसर फुलं, आणि उन्हाळ्यात एकदा फुलायला लागलं की थेट थंडी पडेपर्यंत थांबत नाही, फुलपाखरं तर हटतच नाहीत त्यावरून. हे हनीसकलच्या कुळातलं, आणि मला या कुळातलं सगळ्यात आवडतं झुडूप हेच.

नाव पडलं क्लार्क एबल या डॉक्टरवरून. १८१६ मध्ये लॉर्ड अ‍ॅम्हर्स्ट ब्रिटिशांचा राजदूत म्हणून चीनला गेला तेव्हा एबल त्याच्यासोबत होता आणि वाटेत दिसेल ती वनस्पती गोळा करत होता. परतताना १८१७ मध्ये त्यांचं जहाज सुमात्राजवळ खडकावर आपटलं आणि त्याचा जवळजवळ सगळा संग्रह गेला. वाचलं ते फक्त चीनमधल्या कँटन बंदरात एका सहकाऱ्याकडे ठेवलेलं थोडंसं, त्यातच ही वनस्पती होती, आणि १८१८ मध्ये रॉबर्ट ब्राउनने तिला अबेलिया चायनेन्सिस नाव दिलं. अ‍ॅम्हर्स्ट पुढे भारताचा गव्हर्नर जनरल झाला, एबलही सोबत आला आणि १८२६ मध्ये कानपूरला वारला. जिवंत झाड इंग्लंडला पोचलं १८४४ मध्ये, म्हणजे एबलला ते तिथे फुललेलं बघायला मिळालंच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आज सगळीकडे दिसते ती मात्र ही नव्हे, ती अबेलिया ग्रँडिफ्लोरा, म्हणजे दोन जातींचा संकर. इटलीत मॅजोरे तलावाकाठी पॅलान्झा गावात रोव्हेली यांची नर्सरी होती, तिथे १८८६ च्या सुमारास हा तयार झाला, एक पालक चायनेन्सिस आणि दुसरा युनिफ्लोरा ही अबेलियाचीच आणखी एक जात. आणि याचा पुरावा फुलावरच आहे बरं का! चायनेन्सिसच्या फुलाला ५ निदलं (पाकळ्यांच्या बुडाशी असतात ती छोटी पानं) असतात, युनिफ्लोराला २, आणि ग्रँडिफ्लोराच्या एकाच झुडपावर मोजलीत तर कुठे २, कुठे ३, कुठे ५ आणि काही तर एकमेकांना चिकटलेली. पाकळ्यांची पांढरी नळी गळून पडल्यावर ही लालसर निदलं झाडावर तशीच राहतात, म्हणून फुलं संपली तरी झाड भरलेलं दिसतं.

आता मुद्दाम संकर करायचा झाला तर काय करावं लागतं ते बघा. कळी उमलायच्या आधी पाकळ्यांची नळी हळूच ओढून काढायची, चारही पुंकेसर, म्हणजे परागाचे दांडे, नळीलाच चिकटलेले असतात त्यामुळे ते सोबत निघून येतात, मग उरलेल्या कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या मादी भागाच्या टोकावर, दुसऱ्या जातीचे पराग लावायचे आणि कुठला कीटक मध्ये लुडबुड करणार नाही हे बघायचं. इथवर सोपं. पण अबेलियाच्या बीजकोशात, म्हणजे जिथे बी तयार होतं तिथे, ३ कप्पे असतात आणि त्यातला एकच कामाचा, बाकीचे दोन वांझ, म्हणजे एवढी सगळी खटपट करून एका फुलामागे फार तर एक बी. याच कुळातल्या वायगेला या झुडपाच्या एका बोंडात भरपूर बारीक बिया मिळतात, फ्रान्समधल्या नान्सीच्या व्हिक्टर लमवानने एकोणिसाव्या शतकात वायगेलाच्या इतक्या जाती काढल्या त्यात त्याच्या हाताचं कसब होतंच, पण झाडानेही साथ दिली. अबेलियात अशी चैन नाही. तरीसुद्धा अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या एडवर्ड गाउचरने १९११ मध्ये ग्रँडिफ्लोराचा आणखी एका गुलाबी फुलांच्या अबेलियाशी संकर केला आणि त्याच्या नावाची ती जात अजून विकली जाते.

मग बाकीच्या जाती? त्यातल्या बऱ्याचशा कोणी बनवल्याच नाहीत, त्या कोणाला तरी दिसल्या. वाढत्या शेंड्यात पेशींचे एकावर एक थर असतात, त्यातल्या एखाद्या थरातल्या पेशीत अचानक बदल झाला की तो त्या थरातून पुढे जातो आणि एक फांदी वेगळीच निघते, पिवळ्या कडांच्या पानांची किंवा वेगळ्या रंगाची. याला नर्सरीवाले स्पोर्ट म्हणतात. 'कॅलिडोस्कोप' नावाची अबेलिया अशीच 'लिटल रिचर्ड' या जातीवर निघालेली फांदी आहे, तिचा रंग पिवळ्यापासून थंडीत नारिंगी-लालपर्यंत बदलत जातो. हजारो रोपांच्या रांगेत ती एक फांदी कोणीतरी पाहिली, कापली आणि लावली, ही नजर म्हणजे माझ्या मते संकर करण्याइतकंच मोठं काम आहे. अमेरिकेत १९३० च्या कायद्यापासून अशा कलमाने वाढवलेल्या नव्या जातीचं पेटंटही मिळतं.

अशी जात टिकवायची तर बी पेरून चालत नाही, रोपं भलतीच निघतात. उन्हाळ्यात अर्धवट पिकलेल्या फांदीची बोटभर लांब काडी घ्यायची, खालची पानं काढायची, बुडाला रूटिंग हार्मोन (मुळं फुटायला मदत करणारं द्रव्य) लावून ओलसर हवेत ठेवायची, काही आठवड्यांत मुळं येतात. थोडक्यात आपण बोगनवेल लावतो तसंच.

आणि रंगीत पानांची अबेलिया असेल तर लक्ष ठेवावं लागतं, कारण थरांची ही मांडणी पक्की नसते. मधूनच एखादी पूर्ण हिरवी फांदी फुटते, तिच्यात हरितद्रव्य जास्त, म्हणून ती बाकीच्यांपेक्षा जोरात वाढते आणि दोन-तीन वर्षांत अख्खं झुडूप हिरवं करून टाकते. ती दिसली की नुसता शेंडा खुडू नका, जिथून फुटली तिथूनच कापा. बाकीची छाटणी थंडीच्या शेवटी करा, कारण अबेलियाला फुलं नव्या फुटीवर येतात. वायगेलाला मात्र तेव्हा हात लावायचा नाही, तिची फुलं गेल्या वर्षीच्या फांदीवर येतात, त्यामुळे तिची छाटणी फुलं संपल्याबरोबर.