अमली पदार्थांचा कायदा आणि कच्चे कैदी (कोल्हापूर)

गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ (एनडीपीएस) या कायद्यामुळे निकालाआधीच सोसावा लागणारा दीर्घ तुरुंगवास. कोल्हापूरच्या कळंबा मध्यवर्ती कारागृहात शिक्षा झालेल्या पक्क्या कैद्यांबरोबर असे, खटल्याचा निकाल न लागलेले कच्चे कैदीही असतात. देशभरात २०२२ अखेर ५,७३,२२० बंदी होते. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे.

२००१ च्या दुरुस्तीपासून शिक्षा वजनावर ठरते. गांजा १ किलोपर्यंत असला तर अल्प प्रमाण, २० किलोच्या पुढे व्यापारी; तिथे १० ते २० वर्षे सक्तमजुरी. कायद्याच्या लेखी गांजा म्हणजे झाडाचा फुलोऱ्याचा शेंडा. शेंड्याविना नुसती पाने किंवा बिया त्यात धरत नाहीत. मात्र उसाच्या फडात सापडलेली ओली झाडे मुळासकट उपटून, देठपानांसह काट्यावर टाकली, की पंचनाम्यात वजन फुगते. पुढचे सारे या एका आकड्यावर अवलंबून असते, कारण व्यापारी प्रमाण लागले की कलम ३७ आडवे येते : सरकारी वकिलांनी विरोध केल्यास, आरोपी निर्दोष असावा असे न्यायालयाला वाटल्याशिवाय जामीन नाही. पुरावा तपासण्याआधीच निर्दोषत्व पटवायचे, ही अट अन्यायाची आहे. खटला अकारण रखडला तर जामीन देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते, त्यामुळे अशा अर्जांसाठी मुंबईच्या खेपा टळल्या.

वजनावर शिक्षा ठरवण्यातला अन्याय इतरत्रही दिसतो. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने ५ ग्रॅम क्रॅक (कोकेनचे ओढायचे खडे) आणि ५०० ग्रॅम कोकेन भुकटी यांना सारखीच, किमान ५ वर्षांची शिक्षा ठेवली. क्रॅकच्या खटल्यांत बहुतांश आरोपी कृष्णवर्णीय होते. २०१० मध्ये हे १०० : १ चे प्रमाण १८ : १ वर आणले गेले.

भारतातील कच्च्या कैद्यांत दलित, आदिवासी व मुस्लिमांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतील वाट्याहून जास्त आहे. विमुक्त जमातींवर, म्हणजे ब्रिटिश काळात कायद्याने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींवर, त्या जुन्या शिक्क्याचा भार वेगळाच. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये करवीर संस्थानात ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींची पोलीस हजेरी बंद केली. ब्रिटिश मुलखातला गुन्हेगार जमाती कायदा मात्र १९५२ मध्ये रद्द झाला. तुरुंग नियमावल्यांतील जातीवर आधारित कामवाटप आणि विमुक्तांना ‘सराईत’ मानणारी कलमे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली. त्यातूनही जामीन मंजूर झालाच, तर ऐपतीचा दाखला दाखवणारा जामीनदार लागतो. ज्याच्या नात्यागोत्यात कुणाच्याच नावे सातबारा नाही, तो मंजूर जामीन असूनही आतच राहतो.